सुईच्या आधी

प्रोस्टेट कॅन्सरचे निदान झाले आणि डॉक्टरांनी रेडिएशन सुचवले, की घरात बोलणे सुरू होते ते रेडिएशनचेच. किती दिवस चालणार, अशक्तपणा येतो का, लघवीला त्रास होतो का, आणि मुख्य म्हणजे गुण येतो का. या सगळ्याच्या आधी एक पायरी असते, तिच्याबद्दल मात्र कोणी फारसे विचारत नाही. प्रोस्टेटमध्ये सुईने सोन्याच्या तीन बारीक खुणा बसवायच्या असतात. कॅनडातल्या कॅन्सर केंद्राकडून त्याची तारीख कळते, सोबत इंग्रजीत एक-दोन पाने सूचना येतात, आणि ही किरकोळ प्रक्रिया आहे असा दिलासाही मिळतो. किरकोळ म्हटल्यावर आपल्याकडे तो कागद फ्रिजच्या दाराला चिकटतो आणि आदल्या रात्री खाली उतरतो.

ही पुस्तिका त्या कागदाविषयी आहे. एवढ्याशा गोष्टीसाठी अख्खी पुस्तिका कशाला, असे कोणी विचारेल. प्रक्रिया खरोखरच छोटी आहे. पण ती छोटी राहावी यासाठी जे करावे लागते, त्यातले बरेचसे घरी, आधीच्या आठ-पंधरा दिवसांत करावे लागते. डॉक्टरांचे काम साधारण अर्ध्या तासात आटपते. घरच्यांचे काम त्याआधी झालेले असावे लागते आणि त्यात सर्वांत महत्त्वाचे आहे ते सांगणे. काय औषधे घेतो, कुठे जाऊन आलो, पूर्वी काय झाले होते, हे न लपवता आणि न विसरता सांगणे. सुई आत गेल्यावर काय घडेल, ते पुष्कळदा या सांगण्यावर ठरते.

कॅनडातल्या पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर प्रोस्टेटचाच आहे (त्वचेचे साधे कॅन्सर त्यात मोजत नाहीत). कॅनेडियन कॅन्सर सोसायटीच्या अंदाजाप्रमाणे दर आठ पुरुषांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी तो होतो. दिलासा असा की निदानानंतर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे. हा बहुतांशी उतारवयातला आजार. १९६७ साली कॅनडाने स्थलांतरितांसाठी गुणांकनाची पद्धत आणली. त्यानंतरच्या वर्षांत मुंबई-पुण्याहून जे तरुण इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक इकडे आले, ते आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यामागून आलेल्यांचे आईवडीलही आता इथे येऊन-जाऊन असतात. मराठी घरांत या आजाराचे नाव पूर्वीपेक्षा जास्त ऐकू येते, त्याचे एक साधे कारण हे वय आहे.

रेडिएशनच्या इतिहासात कॅनडाचे स्थान मोठे आहे. १९५१ च्या ऑक्टोबरात ऑन्टारिओतल्या लंडन शहरी, व्हिक्टोरिया हॉस्पिटलात, कोबाल्ट-६० च्या किरणांनी कॅन्सरच्या रुग्णावर जगातला पहिला उपचार झाला. थोड्याच दिवसांत सास्काटूनच्या विद्यापीठात हॅरॉल्ड जॉन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे यंत्रही रुग्णांसाठी सुरू झाले. दोन्ही यंत्रांतला कोबाल्ट चॉक रिव्हरच्या एनआरएक्स अणुभट्टीत तयार झाला होता. याच भट्टीच्या धर्तीवर, कॅनडाच्या मदतीने, ट्रॉम्बेला सायरस अणुभट्टी उभी राहिली आणि १९६० मध्ये सुरू झाली. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने भाभाट्रॉन हे स्वतःचे कोबाल्ट यंत्र बनवले. महाराष्ट्रात अनेक जण ज्याला आजही ‘शेक’ म्हणतात, त्या उपचाराची एक मुळी अशी ऑन्टारिओच्या जंगलातल्या अणुभट्टीपर्यंत पोचते.

कोबाल्टमुळे किरण शरीरात खोलवर पोचू लागले. नेमके कुठे पोचतात, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे अर्धवटच सुटलेला होता. प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या अगदी पुढे असते. गुदाशयात गॅस किंवा मळ साठला, मूत्राशय कमी-जास्त भरले, की ती काही मिलिमीटर सरकते, कधी त्याहूनही जास्त. हाडे मात्र जागच्या जागी राहतात. पूर्वी रुग्णाला यंत्राखाली नीट ठेवायला आधार होता तो कातडीवरच्या खुणांचा आणि हाडांच्या एक्स-रेचा, म्हणजे न हलणाऱ्या गोष्टींवरून हलणाऱ्या ग्रंथीचा अंदाज बांधायचा. चूक होऊ नये म्हणून ग्रंथीभोवतीचा बराच भाग किरणांत घ्यावा लागे, आणि त्याची किंमत गुदाशय व मूत्राशय चुकवत. शौचाला वारंवार जाणे, रक्त पडणे, लघवीची जळजळ हे त्रास बऱ्याच अंशी त्यातून येत.

सोन्याच्या खुणा येतात त्या इथे. सोने एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसते, शरीरात गंजत नाही, विरघळत नाही आणि शरीर त्याला त्रासदायक मानत नाही. ग्रंथीतच तीन जागी खुणा बसवल्या की ग्रंथी हलली तर खुणाही तिच्याबरोबर हलतात. रोज उपचाराआधी यंत्रावरच चित्र घेतले जाते, खुणा उपचाराच्या आराखड्याशी जुळवल्या जातात, टेबल मिलिमीटरच्या हिशेबाने सरकवले जाते आणि मगच किरण सुटतात.

या अचूकतेचा थेट फायदा रुग्णाच्या वेळापत्रकाला झाला. ऑन्टारिओतल्या संशोधकांच्या पुढाकाराने कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्समध्ये मध्यम धोक्याच्या गटातल्या १,२०६ पुरुषांवर ‘प्रोफिट’ नावाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ आठवड्यांत ३९ वेळा मिळून ७८ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) देण्याऐवजी चार आठवड्यांत २० वेळा मिळून ६० ग्रे दिले, तरी कॅन्सरवरचा ताबा कमी पडला नाही. निवडक रुग्णांना आता पाचच वेळांत उपचार दिले जातात. अल्बर्टात फोर्ट मॅकमरीला राहणाऱ्या माणसाला रेडिएशनसाठी एडमंटनला जावे लागते आणि ते अंतर चारशे किलोमीटरहून जास्त आहे. भर जानेवारीत उपचाराचे चार आठवडे वाचणे म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. पण वेळा कमी झाल्या की प्रत्येक वेळची मात्रा मोठी होते आणि मोठी मात्रा चुकीच्या जागी पडून चालत नाही. उपचार जितका आखूड, तितकी नेमकेपणाची गरज जास्त.

आता प्रत्यक्ष प्रक्रिया. बायोप्सी होऊन गेलेल्याला ती ओळखीची वाटेल. गुदद्वारातून सोनोग्राफीची नळी आत सरकवली जाते आणि तिच्या चित्रावर नजर ठेवून पोकळ सुईने एकेक खूण ग्रंथीत सोडली जाते. काही केंद्रांत सुई गुदाशयातून जाते, काहींत अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या कातडीतून. बहुधा जागा बधिर करण्याचे इंजेक्शन पुरते, कुठे हलकी गुंगीही देतात. प्रत्येक खूण तांदळाच्या दाण्याहून लहान असते. सोन्याच्या भावावरून घरोघर विनोद होतात, म्हणून सांगायला हरकत नाही, की तिन्हींचे मिळून वजन गुंज-दीड गुंजेच्या आसपासच असते. खुणा कायमच्या आतच राहतात. विमानतळावर त्यांच्यामुळे यंत्र ओरडत नाही आणि पुढे एमआरआय करायलाही त्यांची आडकाठी नसते. नंतर सूज उतरून खुणा स्थिरावण्यासाठी बहुधा आठवडाभर जाऊ देतात आणि मग आराखड्याचा सीटी स्कॅन होतो. त्यासाठी मूत्राशय पुरेसे भरलेले आणि गुदाशय रिकामे लागते. डाळी, चणे, कोबी यांनी ज्यांना गॅस होतो त्यांना त्या काळात ताट थोडे बदलायला सांगतात, ते याच कारणाने.

कधी कधी याच बैठकीत प्रोस्टेट आणि गुदाशय यांच्या मधल्या फटीत एक जेल सोडतात. त्याने दोहोंत साधारण सेंटिमीटरभर अंतर पडते, गुदाशयाला किरण कमी लागतात आणि काही महिन्यांत जेल आपोआप शरीरात जिरून जाते. जेल प्रत्येकाला लागत नाही, प्रत्येक केंद्रात मिळत नाही आणि त्याचा खर्च सरकारी योजनेतून होईलच असे नाही. तेव्हा ते सुचवले गेले तर पैसे कोण भरणार, हे आधीच विचारावे. काही केंद्रे सोन्याच्या खुणांशिवायच, रोजच्या त्रिमितीय चित्रांवर भिस्त ठेवून उपचार करतात. शेजारच्या काकांना खुणा घातल्या आणि आपल्याला नाही, म्हणून उपचार दुय्यम ठरत नाही.

घराघरांत होणारा एक घोटाळा इथेच दूर करायला हवा. प्रोस्टेटच्या एका वेगळ्या उपचारात किरणोत्सर्गी बिया कायमच्या आत ठेवतात. त्या रुग्णांना काही काळ लहान मुलांना मांडीवर न घेण्याची आणि गरोदर स्त्रियांपासून अंतर राखण्याची सूचना दिली जाते. सोन्याच्या खुणांचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्या साध्या धातूच्या असतात, त्यांतून कसलेही किरण निघत नाहीत. बाहेरून दिलेल्या रेडिएशननंतरही माणूस किरणोत्सर्गी होत नाही. आजोबांनी नातवाला खुशाल जवळ घ्यावे.

या पुस्तिकेतला सर्वांत मोठा भाग औषधांच्या यादीवर आहे आणि तो मुद्दाम मोठा ठेवला आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांपैकी काही सुईच्या आधी काही दिवस थांबवाव्या लागतात, काही चालू ठेवता येतात. वॉरफरिन, अ‍ॅपिक्साबॅन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन यांचे नियम वेगवेगळे आहेत. औषध ज्या हृदयरोगतज्ज्ञाने वा फॅमिली डॉक्टरने लिहून दिले, त्याचे मत घेतल्याशिवाय एकही गोळी परस्पर बंद करू नये. स्टेंट बसवलेल्या माणसाने मनानेच गोळी सोडली तर हृदयाला होणारा धोका या सुईच्या धोक्यापेक्षा मोठा असतो. अडचण अशी, की आपल्यातले बरेच जण वर्षभराची औषधे भारतातून आणतात. डब्यात इकोस्प्रिन, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच, असते, नर्स विचारते अ‍ॅस्पिरिन घेता का, आणि बाबा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. काही भारतीय कॅप्सुलांत अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलचे औषध एकत्रच असते. म्हणून तोंडी नावे सांगण्यापेक्षा सगळी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. त्याच पिशवीत अश्वगंधा, हळदीच्या आणि लसणाच्या कॅप्सुला, माशाचे तेल, वैद्यांनी दिलेल्या पुड्या हेही असावे. ‘हे काही औषध नव्हे’ असे आपण मनात म्हणतो, पण त्यांतल्या काहींनी रक्तस्राव वाढू शकतो.

दुसरी गोष्ट भारतवारीची. सुई गुदाशयाच्या भिंतीतून जाते तेव्हा आतड्यातले जंतू रक्तात किंवा लघवीत शिरू नयेत म्हणून आधी अँटिबायोटिक देतात. आतड्यातले जंतूच त्या औषधाला दाद देत नसतील तर ते देऊन उपयोग होत नाही. ऑन्टारिओत ७५ हजारांहून अधिक पुरुषांच्या नोंदी तपासून एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गुदाशयमार्गे बायोप्सी होऊन कॅन्सर न निघालेल्यांपैकी महिन्याभरात हॉस्पिटलात भरती व्हावे लागणाऱ्यांचे प्रमाण १९९६ मध्ये एक टक्का होते, ते २००५ पर्यंत चार टक्क्यांच्या वर गेले होते, आणि बहुतेक भरत्यांचे कारण संसर्ग होते. तो अभ्यास बायोप्सीचा, पण सुई जाते त्याच वाटेने. जंतूंचा असा चिवटपणा वाढवणाऱ्या गोष्टींत अलीकडे घेतलेली अँटिबायोटिके आणि भारतीय उपखंडातला प्रवास या दोन्ही येतात. पुण्याला लग्नाला गेले, जुलाब झाले, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून नॉरफ्लॉक्स-टीझेडची पट्टी घेतली आणि दोन दिवसांत बरे वाटले. या हकिगतीत डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत. प्रोस्टेटच्या सुईआधी नेहमी दिले जाणारे सिप्रोफ्लॉक्सॅसिन त्याच घराण्यातले औषध आहे, आणि चिवट जंतू कसलाही त्रास न देता आतड्यात महिनोन्‌महिने राहू शकतात. हे आधी कळले तर डॉक्टर वेगळे औषध निवडतात, कधी आतड्यातले जंतू तपासून घेतात, कधी कातडीतून सुई घालण्याचा मार्ग धरतात. हे सगळे त्यांच्या हाती आहे. पण रुग्ण पुण्याला जाऊन आला, हे त्यांना कुठल्याही रिपोर्टात दिसत नाही.

सिप्रोफ्लॉक्सॅसिन मिळाले तर ते नुसत्या दुधाबरोबर, दह्याबरोबर किंवा कॅल्शिअम, लोह आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांबरोबर घेऊ नये, ते अंगी लागत नाही. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर घेतल्यास साखर एकदम उतरू शकते, वॉरफरिनबरोबर घेतल्यास रक्त जास्त पातळ होऊ शकते. त्यातच त्या दिवशी एकादशीचा उपवास असेल तर तेही सांगावे.

आता संकोचाविषयी. सूचनांच्या कागदावर एनिमा असतो, गुदद्वार असते, वीर्यात रक्त दिसण्याची शक्यता असते. तो कागद इंग्रजीत असल्याने घरात बहुधा मुलगी, मुलगा किंवा सून वाचते. सासऱ्यांना हे मोठ्याने वाचून दाखवणे सुनेला जड जाते आणि ऐकणे सासऱ्यांना. मग दोघे मिळून अवघड ओळी गाळतात आणि ‘सकाळी पोट साफ करायचे आहे’ एवढाच निरोप पोचतो. आईंना तर त्याहून कमी कळते. हॉस्पिटलातही असेच होते. डॉक्टर लघवीविषयी, लैंगिक संबंधांविषयी विचारतात आणि मधे बसलेला मुलगा प्रश्न बापाला न विचारताच ‘ठीक आहे’ असे उत्तर देतो. म्हणूनच ही पुस्तिका रुग्णाने स्वतः, एकट्याने वाचावी अशा मराठीत लिहिली आहे. कॅनडातली बरीच मोठी हॉस्पिटले दुभाषी देतात, प्रत्यक्ष किंवा फोनवर, आणि तो तारीख ठरतानाच मागावा. मुले सोबत असावीतच, पण बापाच्या अवघड उत्तरांचे ओझे त्यांच्यावर नको.

त्या दिवशीचे फार सांगण्यासारखे नाही. सकाळी एनिमा, केंद्राने सांगितले असेल तसा हलका नाश्ता, वेळेवर अँटिबायोटिक, आणि घरी न्यायला गाडी चालवणारे कोणी तरी. गुंगीचे औषध घेतले असेल तर स्वतः गाडी चालवायची नाही. नंतर एक-दोन दिवस जड उचलू नये, पाणी भरपूर प्यावे. लघवीत आणि शौचात थोडे रक्त काही दिवस दिसते. वीर्यात ते काही आठवडे लालसर किंवा तपकिरी दिसू शकते. ते पाहून घाबरू नये आणि बायकोपासून लपवूही नये.

घाबरायचे कशाला, हे मात्र पक्के ठाऊक असावे. अंगात ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, हुडहुडी भरून थंडी वाजणे, लघवी अजिबात न होणे, रक्ताच्या गाठी पडणे किंवा रक्त वाढत जाणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता इमर्जन्सीत जायचे. बाहेर हिमवादळ असले तरी. क्रोसिन घेऊन ताप उतरतो का पाहू, हा विचार इथे जिवावर बेतू शकतो. रक्तात शिरलेला संसर्ग काही तासांत बळावतो आणि क्रोसिनने फक्त थर्मामीटरचा आकडा खाली येतो. इमर्जन्सीत पोचल्यावर पहिल्याच वाक्यात सांगायचे, की अमुक दिवशी प्रोस्टेटमध्ये सुया घातल्या होत्या. नुसता ‘ताप आहे’ म्हटले तर कॅनडातल्या इमर्जन्सीत बाकावर तासन्‌तास बसावे लागू शकते. साध्या शंकांसाठी बहुतेक प्रांतांत ८११ या क्रमांकावर नर्सशी बोलता येते. ही लक्षणे साध्या शंकांत मोडत नाहीत.

पैशांचा एक मुद्दा राहतो. प्रांताच्या आरोग्य योजनेत असलेल्या रहिवाशाला हॉस्पिटलचा आणि डॉक्टरांचा खर्च पडत नाही. सुपर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना ही योजना लागू नसते. त्यांच्यासाठी किमान एक लाख डॉलरचा खासगी विमा सक्तीचा असतो, पण आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च अशा विम्यातून बहुधा वगळलेला असतो. वडिलांचे पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) वाढल्याचे भारतात असतानाच कळले असेल तर तिकीट काढण्याआधी पॉलिसीतल्या त्या ओळी वाचाव्यात. मुंबईत टाटा मेमोरिअलमध्ये आणि महाराष्ट्रातल्या इतर मोठ्या केंद्रांत प्रोस्टेटचे अद्ययावत रेडिएशन होते. मुलाच्या घरी राहून उपचार घेण्याची ओढ समजण्यासारखी आहे, पण तो निर्णय विम्याची अट कळल्यावर व्हावा.

पुस्तिकेच्या शेवटी दोन पाने कोरी सोडली आहेत. एकावर चालू औषधे, मात्रा आणि शेवटची गोळी कधी घेतली ते लिहावे. दुसऱ्यावर गेल्या वर्षातले प्रवास, घेतलेली अँटिबायोटिके, अ‍ॅलर्जी, हृदयाची झडप किंवा स्टेंट, आणि बायोप्सीनंतर ताप आला होता का, एवढे लिहावे. तारखेच्या दोन आठवडे आधी ती पाने नर्सला दाखवावीत. प्रत्येक केंद्राच्या पद्धतीत थोडा फरक असतो. पुस्तिकेत एक आणि केंद्राच्या कागदावर दुसरे असेल, तर केंद्राचा कागद प्रमाण मानावा. दोन्हींत नसलेली शंका आली तर फोन करावा. अशा फोनचा नर्सना त्रास होईल असे समजू नये. आधी न सांगितलेली एक गोळी टेबलावर आडवे झाल्यावर कळली, तर प्रक्रिया रद्द होते, नंतरचा सीटी स्कॅन लांबणीवर पडतो आणि त्याच्यामागे रेडिएशनही.